नेहमीसारखंच करा

"बाकी काही करा, पण बिल नेहमीसारखंच निघालं पाहिजे." पहिल्या बैठकीत कार्यकारी संचालकांनी हे वाक्य निदान सहा वेळा म्हटलं असेल आणि सहाही वेळा मी ते वहीत उतरवून घेतलं. शेवटच्या वेळी तर खाली रेघसुद्धा मारली.

पश्चिम महाराष्ट्रातला एक सहकारी दूध संघ, त्याला जोडलेल्या गावोगावच्या प्राथमिक दूध संस्था, आणि दूध मोजून घेऊन उत्पादकांच्या पैशांचं बिल काढणारं पंधरा वर्षं जुनं संकलनाचं सॉफ्टवेअर काढून नवं बसवायचं काम. मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. म्हणजे गिऱ्हाइकाला काय हवंय ते समजून घ्यायचं, लिहून काढायचं, त्यावर सह्या घ्यायच्या आणि नंतर दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. बँक झाली होती, विमा झाला होता, एक हॉस्पिटलही करून झालं होतं. त्यामुळे दुधाचं काय, मोजायचं आणि पैसे द्यायचे, अशा थाटात मी निघाले होते.

ऑगस्ट २०२३. संघाच्या सभागृहात तीन दिवस बैठका झाल्या. कार्यकारी संचालक, हिशोब विभागाचे प्रमुख, संगणक विभागाचे प्रमुख, संकलन अधिकारी. चहा, बिस्किटं, मध्येच संघाचंच ताक. माझ्याकडे आमचा ठरलेला साचा होता. तो मुळात आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, असे दस्तावेज कसे लिहावेत हे सांगणाऱ्या ८३० क्रमांकाच्या मानकावरून बेतलेला. ते मानक केव्हाच मोडीत निघालं, २०११ पासून त्याच्या जागी २९१४८ आलं. पण कंपन्यांमधले साचे मरत नाहीत, नुसती त्यांच्यावरची तारीख बदलते. त्यात ओतून ११२ पानांचं इंग्रजी दस्तावेज तयार झालं. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'द सिस्टिम शॅल'नं. पानोपानी सह्या झाल्या. सही करताना हिशोबवाल्या साहेबांनी फक्त स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तपासलं, ते मी पाहिलं होतं. तेव्हाच काहीतरी म्हणायला हवं होतं. पण पेमेंटचा पहिला हप्ता त्या सह्यांवर अडकलेला होता.

ऑक्टोबरात डेमो. चाचणीसाठी निवडलेल्या सहा संस्थांचे सचिव आले होते. पांढरे शर्ट, खिशाला पेन, सगळे गप्प. अर्धा तास आमचा प्रोग्रामर स्क्रीन दाखवत होता. शेवटी काही प्रश्न आहेत का विचारलं, तर मागच्या रांगेतून एकच आवाज आला, "हात ओला असतोय ओ ताई आमचा. माऊस कुठनं धरू?"

सगळे हसले, मीही हसले. प्रश्न विचारणारे साठीच्या आसपासचे होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत होते. जेवताना मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, तुमच्या डेअरीवर येऊन बसले तर चालेल का? ते म्हणाले, "या की. पण दिवाळी होऊ द्या. आता फरकाची गडबड हाय." फरक म्हणजे वर्षभराच्या दुधावर संस्था दिवाळीला देते ती जादा रक्कम.

दिवाळीनंतर, २१ ते ३० नोव्हेंबर असा एक अख्खा बिलाचा कालावधी मी अण्णांच्या गावात काढला. मॅनेजरला हे पटवणं सोपं नव्हतं. दस्तावेजावर सह्या झाल्यात, आता परत कसलं रिक्वायरमेंट, असं त्याचं म्हणणं. मी सुट्टी टाकते म्हटल्यावर तो वरमला.

पहाटे पावणेसहाला शटर वर जायचं. एक ट्यूबलाइट, भिंतीवर कुणाच्या तरी अभिनंदनाचं जुनं फ्लेक्स, काउंटरवर वजनकाटा, त्याच्या डावीकडे दूध तपासायचं यंत्र आणि उजवीकडे प्लॅस्टिकच्या कव्हरात गुंडाळलेला कीबोर्ड. माऊस होता, पण खणात. रांगेत किटल्या, बरण्या, एकदोन मोठे कॅन. प्रत्येकावर लाल ऑइलपेंटनं आकडा रंगवलेला.

काम असं चालायचं. सत्तेचाळीस नंबरचा माणूस काट्यावरच्या बादलीत गाळणीतून दूध ओततो. अण्णा उजव्या हातानं ४७ दाबून एंटर मारतात, वजन स्क्रीनवर येतं. डाव्या हातानं पळीभर दूध छोट्या पेल्यात घेऊन यंत्राच्या नळीखाली धरतात. यंत्राला फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, सांगायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. तेवढा वेळ अण्णा थांबत नाहीत. ते बादली मोठ्या कॅनमध्ये रिकामी करतात आणि बावन्न नंबरचं दूध काट्यावर घेतात. म्हणजे यंत्रात सत्तेचाळीस, काट्यावर बावन्न, आणि काउंटरवर तिसऱ्याचा पेला आधीच भरून ठेवलेला. पेले डावीकडून उजवीकडे ओळीनं, कुठल्याही पेल्यावर खूण नाही. कुणाचा पेला कुठला हे फक्त अण्णांच्या डोक्यात.

हे पाहताना मला घाम फुटला. जुन्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर दोन आडव्या पट्ट्या होत्या. वरच्या पट्टीत एक कोड, खालच्या पट्टीत दुसराच. आमच्या डिझायनरनं त्याचा स्क्रीनशॉट 'वाईट डिझाइनचा नमुना' म्हणून ऑफिसात सगळ्यांना दाखवला होता. आम्ही एक सुंदर, एकच खिडकी केली होती. वजन घ्या, मग फॅट घ्या, मग पावती छापा, मग पुढचा माणूस. त्या हिशोबानं अण्णांची सव्वा तासाची रांग सरळ दुप्पट झाली असती. आणि दूध काही रांगेत उभं राहून टिकत नाही. वरची पट्टी काट्याची आणि खालची यंत्राची, हे ११२ पानांत कुठंही नव्हतं. तीन दिवसांच्या बैठकीत कुणी लपवलं म्हणून राहिलं असं म्हणावं तर तसंही नाही. तिथं बसलेल्यांपैकी कुणी गेल्या कित्येक वर्षांत पहाटेच्या रांगेमागे उभं राहिलेलं नव्हतं. अण्णांना विचारलं असतं तर त्यांनीही सांगितलं नसतं. मी नंतर विचारून पाहिलं. "दोन पट्ट्या? व्हय की, असत्यात." एवढंच.

त्या दहा दिवसांत माझी वही भरली. आमच्या दस्तावेजात प्रत्येक उत्पादकाला सहा आकडी नवा क्रमांक देणार होतो, संघभर एकच एक. तो किटलीवर कोण रंगवणार? आणि माणसं तिथं आकड्यानंच ओळखली जातात. "एकशेबाराची म्हैस व्यालीय, चार दिवस तिचं दूध घ्यायचं न्हाई, चीक असतोय," हे अण्णा मला सांगत होते, तेव्हा एकशेबारा हे आडनावच वाटत होतं. एका घरात तीन कोड असतात. गाईचा एक, म्हशीचा एक, आणि बाईच्या नावावर एक, कारण बचत गटाचा हप्ता तिच्या बिलातून कापायचा असतो. आम्ही लिहिलं होतं, एक आधार, एक सभासद, एक खातं. बैठकीत त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

'दर दहा दिवसांनी बिल' या चार शब्दांचा आमच्या प्रोग्रामरनं लावलेला अर्थ सांगून मोकळी होते. त्यानं खरोखरच दहा दहा दिवस मोजले. म्हणजे एकतीस दिवसांच्या महिन्यात पुढचं बिल ३१ तारखेलाच सुरू. गावात दहा दिवसांचं तिसरं बिल २१ पासून महिनाअखेरपर्यंत असतं, मग ते दिवस आठ असोत की अकरा. मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. आमचा प्रोग्रामरही मराठीच, पण त्यानं स्पेसिफिकेशन इंग्रजीत वाचलं होतं.

मॅन्युअल एंट्रीवरून मात्र खरी जुंपली. संघाच्या साहेबांचं म्हणणं, फॅट हातानं टाकायची सोयच ठेवू नका, तिथंच गैरप्रकार होतात. सचिवांचं म्हणणं, यंत्र बंद पडलं तर दूध काय रस्त्यावर ओतू? दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही दुसऱ्याचं खरं पूर्ण माहीत होतं. मी मधला मार्ग काढला, हातानं टाका पण यादीतून कारण निवडा. कारणांमध्ये पहिलं होतं 'वीज नाही'. चाचणीत जवळजवळ प्रत्येक नोंदीला हेच कारण आलं, भर उजेडात छापलेल्या पावत्यांवरसुद्धा. यादीतलं पहिलं ते एका एंटरमध्ये निवडलं जातं, एवढंच. माझ्या त्या मधल्या मार्गाचा मला आजही अभिमान नाही.

पुण्याला परत आल्यावर मी ११२ पानं बाजूला ठेवली आणि मराठीत चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. एका चिठ्ठीवर एक प्रसंग, खरे आकडे, आणि शेवटी प्रश्न. जाणकार लोक याला उदाहरणांतून स्पेसिफिकेशन म्हणतात. मी गणिताच्या पेपरातली शाब्दिक उदाहरणं म्हणते. त्यातली चिठ्ठी क्रमांक नऊ अशी होती:

'कोड ४७. सकाळ. गाय. ६.२ लिटर. फॅट ३.८०, एसएनएफ ८.४९. जुलैचं दरपत्रक, फॅट ३.५–एसएनएफ ८.५ ला लिटरमागे ३४ रुपये. किती रुपये होतील?'

डिसेंबरात पुन्हा बैठक लावली आणि या वेळी अण्णांसह तीन सचिवांना बोलावलं. प्रत्येकाला चिठ्ठ्या आणि कॅल्क्युलेटर दिला. सुरुवातीला हिशोबवाले साहेब जरा नाराज झाले, परीक्षा घेताय का म्हणाले. पण पेन हातात आलं की माणूस सोडवायला लागतोच.

नऊ नंबरच्या चिठ्ठीला तीन उत्तरं आली. हिशोबवाल्या साहेबांचं २१६ रुपये ३८ पैसे. अण्णांचं २१४ रुपये ५२ पैसे. संगणक विभागाचे प्रमुख म्हणाले, २१४ रुपये, कारण सुटे पैसे बिलाच्या शेवटी संस्थेच्या किरकोळ खात्यात जातात.

सभागृहात क्षणभर शांतता. मग तिघंही एकदम बोलायला लागले.

पैशांचा मुद्दा लवकर मिटला. कुठल्या टप्प्यावर सोडायचे एवढाच तो प्रश्न होता. पण २१६ आणि २१४ मधला फरक वेगळाच निघाला. दरपत्रकात फॅट आणि एसएनएफ एकेका पॉइंटनं चढतात, ८.४, ८.५ असे. यंत्र मात्र दोन दशांश दाखवतं. मग ८.४९ ला कुठल्या रकान्यात बघायचं? साहेबांनी ते साडेआठ धरलं आणि ३४.९० चा दर लावला. अण्णांनी आठ पॉइंट चार धरलं आणि ३४.६० चा लावला. अण्णा बरोबर होते, म्हणजे गेली पंधरा वर्षं बिलं तशीच निघत होती. संगणक विभागाच्या साहेबांनी तिथंच लॅपटॉपवर जुना प्रोग्राम उघडला. एकच ओळ होती. एसएनएफला दहानं गुणा, अपूर्णांक उडवा, परत दहानं भागा. फॅटलाही तीच. ज्यानं लिहिली तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला. त्याला कुणी तसं सांगितलं होतं, की त्या दिवशी त्याला घरी लवकर जायचं होतं, हे आता कळायला मार्ग नाही.

'नेहमीसारखं' म्हणजे ही ओळ होती.

हिशोबवाले साहेब हादरले होते. "म्हणजे आपण शेतकऱ्याचा पॉइंट कापतोय?" अण्णा शांतपणे म्हणाले, "कापून जातंय कुठं साहेब? संस्थेतच ऱ्हातंय. दिवाळीला फरकात देतोयच की आपण." त्यावर दुसरा एक सचिव, तोवर गप्प बसलेला, म्हणाला, "देतोय, पण सगळ्यांना दुधाच्या हिशोबानं. ज्याचं कापलं त्यालाच न्हवं."

मी वीस मिनिटं काही बोलले नाही. आमच्या धंद्यात याला संदिग्ध रिक्वायरमेंट म्हणतात आणि ती 'स्पष्ट करून घ्या' असं पुस्तकात असतं. पण ही संदिग्ध कुठं होती? संगणकात ती पंधरा वर्षं अगदी स्पष्ट होती. ती कुणी ठरवलेली नव्हती, हा घोळ होता. आणि ती ठरवायचा अधिकार ना माझा होता ना त्या खोलीतल्या कुणाचा. शेवटी विषय संचालक मंडळापुढे न्यायचं ठरलं. नव्या दस्तावेजात मी त्या जागी लिहिलं, 'दुसरा दशांश: ठराव क्र. ____ नुसार', आणि जागा मोकळी सोडली.

जागा मोकळीच असताना जानेवारी उजाडला आणि सरकारचं अनुदान आलं. गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये, ११ जानेवारी २०२४ पासून. उत्पादकासाठी मुख्य अटी दोन, बँक खातं आधारशी जोडलेलं हवं आणि जनावराच्या कानात बिल्ला हवा. बिल्ल्यावरचा आकडा बारा अंकी. आमच्या सबंध प्रणालीत गाय हा प्राणीच नव्हता. दूध कोडवर येत होतं, 'गाय' हा फक्त दुधाचा प्रकार होता. आता एकेका घरच्या गाई नोंदवायच्या, त्यातली आटलेली कुठली, विकलेली कुठली, बाजारातून काल आणलेली कुठली. ऑगस्टमधल्या कुठल्याही बैठकीत हे कुणाला सांगता आलं नसतं, कारण ते तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. तीन आठवडे आमची टीम रात्री जागली. अण्णांनी गावातल्या दोन कॉलेजच्या पोरांना मोबाईल देऊन गोठ्यागोठ्यात पिटाळलं. गाय कान हलवते, फोटो हलतो, आणि बारा अंकांतला एक चुकला की अनुदान अडकतं. त्या दिवसांत आधीच्या 'एक आधार, एक खातं'वाल्या नियमाची मला थोडी कीव आली. ज्या घरात तीन कोड होते तिथं आता खरंच आधारची गाठ मारावी लागली आणि बाईच्या नावचा कोड कुणाच्या खात्याला जोडायचा यावरून घराघरांत भांडणं झाली. ती सॉफ्टवेअरमुळे झाली असंच गावात म्हणतात.

त्याच सुमाराला सहाही संस्थांत चाचणी चालू होती आणि एक गोष्ट फार छान चालली होती. संस्थेनं पाठवलेलं दूध आणि संघानं मोजून घेतलेलं दूध यांच्या ताळ्यात सहाही ठिकाणी वाढ दिसत होती. एरवी सचिव घटीनं वैतागलेले असतात. दोन आठवडे कुणाचीही तक्रार नाही. मला वाटलं, काट्याची थेट जोडणी केल्यानं चोख काम झालं. मग एका रात्री आमच्या टेस्टरचा फोन आला. सहाही ठिकाणची वाढ जवळपास सारखीच आहे, शंभराला तीन. गाईचं शंभर लिटर दूध साधारण १०३ किलो भरतं. गावात लिटर, संघाच्या धक्क्यावर किलो, आणि आमच्या दस्तावेजात दोन्हीला एकच शब्द, 'क्वांटिटी'. नासाचं मंगळावर निघालेलं यान १९९९ साली पौंड आणि न्यूटनच्या अशाच घोळात गेलं, ही स्लाइड मी स्वतः नव्या मुलांना दर सहा महिन्यांनी दाखवते. हशा पिकतो त्या स्लाइडवर.

सचिवांना दुरुस्ती सांगितली तेव्हा ते एवढे हिरमुसले, की मला अपराधी वाटलं.

मार्चअखेरची गडबड टाळून ११ एप्रिलपासून नवं सॉफ्टवेअर सुरू करायचं ठरलं. ठराव त्याच्या आदल्या आठवड्यात आला. संचालक मंडळानं पंधरा वर्षांची रीत कायम ठेवली होती, दुसरा दशांश सोडूनच दर लावायचा. पण पारदर्शकतेसाठी पावतीवर यंत्रानं दिलेले दोन्ही दशांश छापावेत, असंही म्हटलं होतं. मी मोकळ्या जागेत ठराव क्रमांक भरला. या वेळी दस्तावेज ३१ पानांचं होतं, मराठीत, आणि अण्णांनी प्रत्येक पान वाचून सही केली. दोन ठिकाणी माझं शुद्धलेखनही सुधारलं.

अकरा तारखेच्या पहाटे मी काउंटरमागे उभी होते. दोन पट्ट्यांचा स्क्रीन, कीबोर्डावर नवं प्लॅस्टिक, पेल्यांची ओळ तशीच. सत्तेचाळीस नंबरची किटली घेऊन त्या दिवशी सत्तेचाळीसवाल्यांची नात आली होती, शाळेच्या गणवेशात. पावती फडफडत बाहेर आली. तिनं ती ट्यूबलाइटखाली धरून वाचली आणि जागची हलेना.

"अण्णा, फॅट साडेतीन बरोबर लागलीय. एसएनएफ आठ पॉइंट अठ्ठेचाळीस आलंय. मग दर आठ पॉइंट चारचा का लावला? साडेआठचा पायजे."

अण्णांनी यंत्रातला पेला काढला, दुसरा लावला, आणि वर न बघता म्हणाले, "ताईंना इचार. त्यांनीच लिवलंय."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मागून बावन्न नंबर ओरडला, "आवरा की लवकर, दूध हाय हे!"